सावजीच्या हॉटेलासाठी मेन्यूचं कव्हर कसलं करावं? (नागपूर)

गोळाभात (रविवार, रात्री १०.४०)

राम राम मंडळी.

त्रिमूर्तीनगरात गाळा घेतलाय. १२ टेबलं, पन्नासेक माणूस बसेल. सावजी मटण-चिकन, आणि जोडीला आईच्या हातचं वऱ्हाडी: वडाभात, गोळाभात, पाटोडी रस्सा, सांबारवडी, डाळकांदा. किचन लागलं, भांडी आली, लायसन्स झालं. गाडी अडली ती मेन्यूच्या कव्हरपाशी. हसू नका.

तीन जणांनी तीन नमुने दाखवले. पहिला काळ्या रेग्झिनचा, आत चार पारदर्शक खिसे, वर सोनेरी अक्षरं, नग २८० रुपये. दुसरा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या) पाट्यांचा, लेझरने नाव कोरलेला, ४२०. तिसरा म्हणतो कव्हरबिव्हर सोडा, कार्डावर छापा आणि जाड लॅमिनेशन मारा, ९० रुपयांत काम. बाबा तिसऱ्याच्या बाजूने, बायको दुसऱ्याच्या. आई म्हणते, "लोकं काय कव्हर खायला येऊन राहिले का?"

मला हवंय ते एवढंच की हातात घेतलं की आपल्याच हॉटेलाचं वाटावं, आणि रश्श्याचे हात लागून सहा महिन्यांत भंगारात जाऊ नये. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा.

खर्रामुक्त

आईला माह्या नमस्कार सांगजो. धागा इथंच बंद करा बे.

झिरोमाईल

बंद नका करू. सहा वर्षं सदरमध्ये रेस्टॉरंट चालवलंय, या विषयात माझे पैसे गेलेत.

आम्ही तेच केलं होतं, काळं रेग्झिन आणि सोनेरी नाव. पहिले दोन महिने बघत राहावं असं. मग उन्हाळा आला. दुपारी साडेतीनला शटर खाली, एसी बंद, आत भट्टी. संध्याकाळी पोरगा कपाटातून गठ्ठा काढायचा तर कव्हरं एकमेकांना चिकटलेली, सोडवताना चर्र आवाज. मे संपता संपता रेग्झिनची वरची साल निघायला लागली. काळे पापुद्रे टेबलावर, गिऱ्हाइकाच्या शर्टावर, एकदा तर कोशिंबिरीत. त्या बाईंना "काही नाही मॅडम, मेन्यू आहे" असं सांगायची पाळी माझ्यावर आली.

सोनेरी अक्षरांचं वेगळंच. पोरं रोज स्पिरिट मारून पुसायची. सॅनिटायझरचे दिवस होते ते. तीन महिन्यांत नावातलं पहिलं अक्षर गेलं, वरची मात्रा तेवढी उरली.

आणि ते पारदर्शक खिसे! खिशाच्या तोंडाशी तेल लागलं की ते कागदाच्या कडेने आत ओढलं जातं. पान अर्ध्यापर्यंत तेलकट, आणि तळाशी पोळीचा चुरा. खिसे कोणी फुकट दिले तरी घेऊ नका.

सुगरण_रामदासपेठ

झिरोमाईल, कोशिंबिरीवर हसून हसून पुरेवाट झाली.

गोळाभात, कव्हरचा रंग फिका घेऊ नकोस हो. हळदीचा डाग पडला की पोरं साबणाने पुसणार, आणि साबण लागला की पिवळा डाग लाल होतो. बघणाऱ्याला वाटतं पान खाऊन कोणी थुंकलंय. पडलाच डाग तर पुसून उन्हात ठेवायचं. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि आपल्याकडे ऊन कमी आहे असं कोणी म्हणणार नाही.

पुण्याचा_पाहुणा

एक शंका. वडीत सांबार कसं भरता?

खर्रामुक्त

आले.

सुगरण_रामदासपेठ

पाहुणे, सांबार म्हणजे कोथिंबीर. बेसनाच्या पारीत कोथिंबीर, खसखस, खोबरं भरून तळायची. पुडाची वडी म्हणतात ती हीच. सोबत कढी.

पुण्याचा_पाहुणा

आभारी आहे. पण माझा मुद्दा वेगळाच होता. आजकाल छापील मेन्यू हवाय कशाला? २०२० पासून सगळीकडे क्यूआर कोड झालेत. टेबलावर एक स्टिकर, संपला विषय. भाव फोनवरूनच बदलता येतात.

झिरोमाईल

तेही केलं. आजोबा, आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं असं टेबल बसतं. फोन एकट्या मुलाच्या हातात. तो वरून खाली सरकवत वाचून दाखवतो आणि आजोबा तीनदा विचारतात, "आधी काय म्हणालास?" ऑर्डर यायला पंधरा मिनिटं. छापील मेन्यू चार जण एकदम बघतात, बोट ठेवतात, भांडतात, एक प्लेट जास्त मागवतात. क्यूआर पार्सलच्या काउंटरला लावा, टेबलावर नको.

सुगरण_रामदासपेठ

१००% सहमत. आणि अक्षर मोठं ठेव रे बाबा. सासऱ्यांना पिवळ्या दिव्याखाली तुमची ती बारीक कलात्मक अक्षरं दिसत नाहीत. ते सरळ वेटरला विचारतात, "काय आहे?" मग मेन्यू छापला कशाला!

गणितमास्तर

एमडीएफच्या पाटीबद्दल थोडा हिशेब. एफोर पान २१ बाय २९.७ सेंटिमीटर, म्हणजे पाटी साधारण २२ बाय ३१. जाडी ३ मिलिमीटर धरली तर एका पाटीचं घनफळ २०५ घनसेंटिमीटरच्या आसपास. एमडीएफ एका घनसेंटिमीटरला पाऊण ग्रॅम भरतं. दीडशे ग्रॅमची एक पाटी, दोन पाट्या ३०० ग्रॅम, वर स्क्रू आणि पानं. पोरगा चार मेन्यू एका हातात घेऊन दिवसभर फिरणार, म्हणजे दीडेक किलो.

शिवाय एमडीएफला पाणी चालत नाही. ओल्या टेबलावर उभं टेकवून ठेवलं की खालची कड फुगते, आणि एकदा फुगली की परत बसत नाही.

गोळाभात

मास्तर, हिशेब बायकोला दाखवला. म्हणाली, "दीड किलो मटण उचलतोस तेव्हा नाही जड होत." पण फुगण्याचं तिला पटलं. एमडीएफ बाद.

कोरल_कारागीर

छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून लिहितो. तुमचा घोळ असा की कव्हर आणि पानं या दोन गोष्टी तुम्ही एकच समजून चाललात. मटणाचा भाव वर्षात तीनदा हलणार, पानं बदलावीच लागणार. कव्हर दोन वर्षं टिकलं पाहिजे. दोन्ही एकत्र लॅमिनेट केलं की भाव बदलल्यावर एक तर सगळं फेका, नाही तर आकड्यावर आकड्याचं स्टिकर. गिऱ्हाईक पहिलं काम काय करतं, माहीत आहे? नखाने ते स्टिकर उचकटून जुना भाव बघतं.

तेव्हा पानं सुटी, ३०० जीएसएम आर्ट कार्डावर दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन. चकचकीत नको, दिव्याचा गोळा नेमका भावावर पडतो. लॅमिनेशन कागदाच्या कडेच्या बाहेर थोडं सोडून कापायला सांगा, म्हणजे कडेतून तेल शिरत नाही. बजेट असेल तर सिंथेटिक कागद घ्या, तो फाटत नाही आणि पाणी पीत नाही. पानं कव्हरला स्क्रूने जोडा. कव्हर पानापेक्षा तिन्ही बाजूंनी ५ मिलिमीटर मोठं, म्हणजे मार कव्हरच्या कडा खातील.

टेबल केवढं आहे? एफोर कव्हर उघडलं की ४४ सेंटिमीटर पसरतं. लहान टेबलावर दोघांनी उघडलं की पाण्याचा ग्लास गेलाच.

गोळाभात

टेबल अडीच बाय अडीच फूट. दोन ग्लास गेले म्हणजे गेले.

अंबाझरीचा_वारा

मेन्यूत प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापायची सक्ती आहे ना आता? आधी तो मजकूर ठरवा, मग कव्हर.

झिरोमाईल

ती सक्ती केंद्रीय लायसन्सवाल्यांना आणि दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना, जुलै २०२२ पासून. एका गाळ्याला नाही. याला बिलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षावाल्यांचा) १४ आकडी लायसन्स नंबर टाकावा लागेल, तेवढं बघ.

खर्रामुक्त

सावजी मटणाच्या कॅलरी छापल्या तर रश्श्यावरची तेलाची तर्री पाहूनच लोकं उठून जातीन. काऊन पोट्ट्याचा धंदा बुडवून राहिले?

इतवारीकर

वाचतोय दोन दिवस. आता लिहितो.

माझ्या वडिलांचं बाइंडिंगचं काम होतं. इतवारीतल्या व्यापाऱ्यांच्या लाल खतावण्या, चोपड्या. दिवाळीच्या आधी महिनाभर घरात पाय ठेवायला जागा नसे. त्या चोपड्या वर्षभर गादीवर पडून राहत, तेलकट हात, पानाचे डाग, सगळं सोसत. कोणाची साल निघाली नाही. मेन्यूचं कव्हर म्हणजे कमी पानांची चोपडीच की.

रेग्झिन सगळं सारखं नसतं. झिरोमाईल यांचं सोललं ते बहुतेक स्वस्तातलं पीयू असणार. ते दिसायला चामड्यासारखं, हाताला मऊ, पण उष्णता आणि घाम लागला की वरचा थर सुटतो. तुम्ही मोटारसायकलच्या सीटचं कव्हर शिवणाऱ्याकडे जा. त्याच्याकडचं पीव्हीसीचं, मागे कापड असलेलं रेग्झिन घ्या. सीट बारा महिने नागपूरच्या उन्हात उभी असते, तिला काय होतं? फार मऊही घेऊ नका, मऊ पीव्हीसी गरमीत चिकटतं. दोन बोटांत दाबून सोडा, बोटाला ओढ लागली तर दुसरं मागा.

आत २ मिलिमीटरचा कप्पा बोर्ड. पुठ्ठ्याचे तंतू एका दिशेने असतात. हाताने हलकेच वाकवून पाहा, एका बाजूने सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. कव्हर असं कापायचं की ते तंतू कण्याला समांतर येतील. बरेच जण पुठ्ठा वाचवायला उलटसुलट कापतात.

आता मुख्य गोष्ट. बाहेरून रेग्झिन लावलं आणि आतून पुठ्ठा उघडा ठेवला की तो आतून हवेतलं पाणी पितो, बाहेरून पिऊ शकत नाही. मग बाक येतो. तुमच्याकडे कूलर आहे की एसी? कूलर असेल तर त्याच्यासमोरच्या टेबलावरची कव्हरं आठ दिवसांत पापडासारखी वाकतील. म्हणून आतूनही तेवढंच जाड अस्तर पाहिजे. शक्यतो तेच रेग्झिन, कडा आत दुमडून. पैसे वाचवायला बाइंडर आत साधा कागद लावतो, तो लावू देऊ नका.

खळ वापरणारा जुना माणूस मिळाला तर खळीत मोरचूद घातलंय का विचारा. हॉटेलात झुरळं असतात, तुमच्याकडे नसतील, पण असतात. त्यांना नुसती खळ फार आवडते.

झिरोमाईल

इतवारीकर काका, सहा वर्षांपूर्वी कुठे होता तुम्ही? माझे २५ हजार वाचले असते.

इतवारीकर

इतवारीतच. कोणी विचारलं नाही.

पुण्याचा_पाहुणा

हे सगळं ठीक. पण "आपल्या हॉटेलाचं वाटावं" याचं काय? काळ्या रेग्झिनवर सोनेरी नाव तर बँकेच्या फायलीवरही असतं.

सुगरण_रामदासपेठ

पाहुणे पहिल्यांदा बरोबर बोलले.

अंबाझरीचा_वारा

संत्रं टाका. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय.

खर्रामुक्त

संत्र्याचा आन् सावजीचा काय संबंध? विमानतळावर संत्रं, बर्फीच्या डब्यावर संत्रं, आता मटणावर बी संत्रं. राहू द्या न भाऊ.

धोटा

मी सहसा लिहीत नाही. आमचं घर गोळीबार चौकाकडचं, घरात पिढ्यान्पिढ्या माग होता. आजोबांनंतर बंद पडला.

सावजी हे हलबा कोष्टी समाजाचं जेवण आहे, म्हणजे विणकरांचं. हॉटेलच्या पाटीवर सावजी लिहितात, खाली जळत्या मिरच्या नाहीतर मिश्यावाला माणूस काढतात. मागाचं नाव कोणी घेत नाही. आजी जवसाच्या तेलात रस्सा करायची, तो उकळायचा तेव्हा मागचा खटका चालू असायचा. माझ्या डोक्यात तो वास आणि तो आवाज वेगळे होतच नाहीत.

गोळाभात, करवती काठ बघ. टसरच्या साडीचा असतो, करवतीच्या दातांसारखा. काठाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, वेगळा, अंगाचा वेगळा, दोन्हींचे धागे जिथे एकमेकांत अडकतात तिथे ते दात तयार होतात. कव्हरच्या कण्याशेजारी उभी एक पट्टी, नुसते दात. बाकी कव्हर कोरं. नाव लहान, खाली. आमच्या आजीने तेवढ्यावरून ओळखलं असतं.

सुगरण_रामदासपेठ

धोटा, माझ्या आईची करवती काठाची साडी कपाटात आहे. आत्ता उठून हात लावून आले.

गोळाभात

धोटा दादा, तुमचं वाचून आईला दाखवलं. आमचं कूळही तेच आहे, आईच्या माहेरी माग होते. मी कव्हरसाठी इतके दिवस फोनवर परदेशातली डिझाइनं पाहत बसलो होतो. आईने ट्रंकेतून काठाचा एक तुकडा काढून दिला. खरं कापडच कव्हरवर लावू का?

इतवारीकर

बिलकुल नको. पहिल्याच रात्री तर्री पिऊन बसेल. ठसा करा.

कोरल_कारागीर

ठसा उत्तम होईल, पण दोन धोके आहेत.

दात फार बारीक ठेवू नका. सोनेरी फॉइल मारायचं असेल तर दोन दातांमधली फट भरून जाते आणि करवतीऐवजी सरळ पट्टी दिसते. मी तर म्हणतो फॉइल नकोच. पीव्हीसी गरम ब्लॉकखाली छान दबतं. नुसता दाबलेला ठसा, रंग नाही. स्पिरिट मारा नाहीतर घासा, जाणार काय? तिथे शाईच नाही. अंधारात बोटालाही लागेल. साडीच्या काठाचा फोटो काढून त्याचाच ब्लॉक करायला देऊ नका, दात आधी नीट रेखाटून घ्या.

दुसरा धोका आतल्या पानांचा. मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि छापण्याआधी कागदावर उतरवून वाचा, स्क्रीनवर नव्हे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की जोडाक्षरं फुटतात. एका गिऱ्हाइकाच्या मेन्यूत "तर्री"चा रफार "री"वरून घसरून "पोहे"वर बसला होता. ५०० कार्डं छापून झाल्यावर कळलं. मुक्त वापराचे चांगले देवनागरी फॉन्ट आहेत, मुक्ता घ्या, बलू घ्या. फक्त ल आणि श मराठी वळणाचे येतात का तेवढं पाहा, भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी वळणाचे येतात.

खर्रामुक्त

"तरी र्पोहे". हे खाऊन पाहायला पाह्यजे एकदा.

गणितमास्तर

एकूण नग किती करणार? १२ टेबलांना प्रत्येकी दोन म्हणजे २४. चारपाच जास्तीचे ठेवा. ब्लॉकचा खर्च एकदाच असतो, पण नंतर चारच नग मागितले तर बाइंडर दारात उभं करत नाही.

गोळाभात (तीन आठवड्यांनी)

मंडळी, इतके दिवस गायब होतो. हकिकत सांगतो.

सीटकव्हरवाल्याकडे गेलो. म्हणाला, "कोणती गाडी?" मी म्हटलं मेन्यूकार्ड. दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला. पण माणूस जाणता निघाला, रोल मीटरवर कापून दिला. रंग गडद लाल, खतावणीच्या जवळचा. इतवारीकर काकांनी खासगी निरोपातून पत्ता दिला त्या बाइंडरकडे तो घेऊन गेलो. वय सत्तरच्या पुढे. पुठ्ठा हातात घेऊन वाकवून बघितला आणि परत दिला, "हा नाही." दुसरा आणला तेव्हा हो म्हणाले.

आधी एकच नमुना करून घेतला आणि घरच्या ओट्यावर आठ दिवस ठेवला. आईला सांगितलं, मुद्दाम काही करू नकोस, फक्त उचलू नकोस. तिने त्यावर गरम झाकण ठेवलं, फोडणीचे शिंतोडे उडवले, एकदा मिरच्याही चिरल्या. झाकणाचा गोल वण उमटलाय, तो जात नाही. बाकी ओल्या फडक्याने पुसलं की साफ. बाक आला नाही.

पहिला ब्लॉक बिघडला. कोरल भाऊंनी बजावलं होतं तरी मी दात बारीकच ठेवले, आईच्या तुकड्यावर होते तेवढेच. दाबल्यावर गिचमिड. तो ब्लॉक वाया. दुसऱ्यात दात दुप्पट मोठे केले, पाच कमी झाले, पण आता करवत दिसते. सगळं धरून नग ३४० ला पडला, पानं वेगळी. आकार एफोर नाही, एफाइव्ह केला, म्हणून टेबलावर ग्लास शाबूत. पानं वाढली, पण अक्षर मोठंच ठेवलंय. सुगरणताईंच्या सासऱ्यांनी येऊन तपासावं.

बाबांनी ३४० ऐकून हिशेबाची वही मिटली. आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला कव्हर दाखवतात आणि "हात लावून पाहा" म्हणतात.

धोटा

फोटो पाहिला. दात उलटे आहेत रे. काठाकडून अंगाकडे यायला पाहिजेत.

गोळाभात

दादा, खरंच की! ३० नग झालेत. आता?

धोटा

असू दे. ज्याला कळेल तो विचारील. मग त्याला बसवून सांग.

झिरोमाईल

उद्घाटन कधी?

गोळाभात

तान्ह्या पोळ्याला. श्रावण संपतो, दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर मटणाच्या रांगेत. त्याहून चांगला मुहूर्त कुठला?

सुगरण_रामदासपेठ

अरे पण त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक! महाल-इतवारीकडून येणारा माणूस गर्दीतून सुटणार कसा?

खर्रामुक्त

सुटीन न. ईडा-पीडा तिकडं सोडून डायरेक्ट त्रिमूर्तीनगर. माह्या एक टेबल ठेवजो भाऊ, आन् मेन्यू नको आणू, मले पाठ आहे.